सिगारेट सुटते, निकोटिनचं काय?

ऑफिसच्या इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर दुपारी साडेतीनला जो घोळका जमतो, त्यात हल्ली एखादा वेगळा दिसतो. बाकीच्यांच्या बोटांत सिगारेट असते, याच्या मुठीत पेन ड्राइव्हएवढी रंगीत नळी. अधूनमधून तो ती ओठांना लावतो, आंब्याच्या नाहीतर पुदिन्याच्या वासाचा पांढरा ढग सोडतो आणि कुणी विचारलंच तर सांगतो, "मी सिगारेट सोडली." ऐकणाऱ्यांच्या मनात थोडा हेवा असतो, थोडी शंकाही. याने खरंच सोडली, की एक सोडून दुसरी धरली?

शंका फक्त टपरीवरची नाही, सरकारांनाही ती पडली आहे आणि त्यांनी दिलेली उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. इंग्लंडच्या सरकारने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेटचे संच फुकट देण्याची योजना जाहीर केली, त्यांनी सिगारेट सोडावी म्हणून. भारतात सप्टेंबर २०१९ पासून हीच वस्तू विकणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्ही देश आरोग्याचंच कारण सांगतात. एकाच वस्तूबद्दल दोन शहाणे इतकं वेगळं बोलतात, तेव्हा बहुधा ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. ते प्रश्न कोणते, हे कळण्यासाठी आधी सिगारेटच नीट समजून घ्यायला हवी.

गुंतवतं एक, मारतं दुसरंच

सिगारेटमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात. एक निकोटिन, दुसरी धूर. सवय लागते ती निकोटिनमुळे. कॅन्सर, फुप्फुसांचे जुनाट आजार आणि हृदयविकार यांचा मोठा वाटा मात्र धुराचा. झुरका ओढताना सिगारेटच्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. या उष्णतेत तंबाखूचं पान जळतं, अर्धवट जळतं, विघटित होतं आणि सात हजारांहून अधिक रसायनं तयार होतात. त्यांतली सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. चिकट डांबर फुप्फुसांत बसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो.

निकोटिन म्हणजे सज्जन असं नाही. ते नाडी आणि रक्तदाब वाढवतं, गर्भाला घातक असतं, कोवळ्या वयातल्या मेंदूच्या जडणघडणीत ढवळाढवळ करतं. पण कॅन्सरचा आरोप त्याच्यावर थेट सिद्ध झालेला नाही. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच हा भेद स्पष्ट केला होता: माणसं ओढतात निकोटिनसाठी, मरतात डांबरामुळे. यातूनच पुढचा विचार निघाला. धूर वगळून नुसतं निकोटिन देता आलं, तर माणूस वाचेल आणि हळूहळू सुटेलही. निकोटिनचा गम आणि अंगाला चिकटवायची पट्टी या विचारातूनच आली.

मग गम चघळूनही तलफ का येते?

ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना हा अनुभव असतो. दंडावर पट्टी आहे, रक्तात निकोटिन आहे, तरी जेवण झाल्यावर हात खिशाकडे जातोच.

शेतकऱ्याला यातली मेख चटकन कळेल. पट्टी म्हणजे ठिबक आहे, सिगारेट म्हणजे पाटाचं पाणी. दोन्हींनी रान भिजतं, पण पाट सोडला की पाणी एकदम लोंढ्याने येतं. झुरका फुप्फुसांतल्या कोट्यवधी हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतो, तिथून निकोटिन रक्तात, आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूत. तिथे ते काही पेशींवरच्या ग्राहकांना, म्हणजे निकोटिन जिथे जाऊन बसतं त्या जागांना चिकटतं आणि डोपामिन हे बक्षिसाचं रसायन पाझरतं. मेंदू नोंद करतो: ही कृती केली आणि लगेच बरं वाटलं. दिवसाला दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले, तर ही नोंद वर्षाला साडेछत्तीस हजार वेळा होते. दुसऱ्या कुठल्याच कृतीचा सराव माणूस इतका करत नसेल.

त्यात आणखी दोन गोष्टी घडतात. रोजच्या माऱ्यामुळे मेंदूतल्या त्या ग्राहकांची संख्या वाढते, म्हणजे मागणी वाढते. आणि दर दोनेक तासांनी रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, म्हणजे पुरवठा घटतो. मग चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणं. सिगारेटने डोकं शांत होतं असं ओढणारा म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो आधीच्या सिगारेटनेच निर्माण केलेली अस्वस्थता मिटवत असतो.

पट्टीतून निकोटिन कित्येक तास संथपणे झिरपतं. अस्वस्थता कमी होते, पण लोंढा येत नाही. शिवाय हाताची हालचाल नाही, घशाला लागणारा तो चटका नाही, टपरीवर उभं राहायचं निमित्त नाही. गम थोडा वेगवान, तरी त्यालाही परिणाम दाखवायला वीस-तीस मिनिटं लागतात. ई-सिगारेट शिरते ती नेमकी या फटीतून.

नळीच्या पोटात काय असतं

पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तेव्हा कुणी ती बाजारात आणली नाही. आजची ई-सिगारेट चीनमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक यांच्या २००३ च्या सुमाराच्या कामातून आली. ते स्वतः सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले.

रचना साधी आहे. एक बॅटरी, एक तारेचं वेटोळं, त्याला लागून कापसाची वात आणि द्रवाची कुपी. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात विरघळवलेलं निकोटिन आणि चवीचे अर्क. ओढलं की तार तापते आणि वातीतला द्रव बारीक थेंबांचा फवारा होऊन तोंडात येतो. लोक त्याला वाफ म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नव्हे. यात काहीही जळत नाही, हा महत्त्वाचा फरक. तापमान साधारण दोनशे-अडीचशे अंशांत राहिलं तर डांबर तयार होत नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतोच. तार जास्त तापली किंवा द्रव संपत आला की मात्र फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं वाढतात. तापलेल्या तारेतले धातूही थोड्या प्रमाणात फवाऱ्यात येतात. म्हणजे सिगारेटपेक्षा बरीच कमी घाण, पण स्वच्छ हवा नाही.

सुरुवातीच्या ई-सिगारेटी निकोटिन पोचवण्यात कच्च्या होत्या. ते साधं निकोटिन होतं, जास्त घातलं तर घसा सोलून निघायचा. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या 'जूल'ने निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला. घशाचा त्रास गेला आणि भरपूर निकोटिन झुरक्यागणिक आत जाऊ लागलं. मुरलेल्या सिगारेटबाजाला हवं होतं ते हेच. आणि ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्या शाळकरी मुलाला ठसका न लागता पहिला झुरका घेता आला, तोही याच गुणामुळे. २०१९ च्या अमेरिकी सर्वेक्षणात माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतल्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. ई-सिगारेटविषयीचं सगळं भांडण या एका वाक्यात मावतं, असं मला वाटतं: जो गुण एकाला सोडवतो, तोच दुसऱ्याला अडकवतो.

चाचण्यांचा निकाल

आता मूळ प्रश्न. मदत होते का?

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेल्या ८८६ जणांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला गम, पट्टी वगैरे निकोटिनची पारंपरिक साधनं मिळाली. दुसऱ्याला पुन्हा भरता येणारी ई-सिगारेट. दोन्ही गटांना किमान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशन. वर्षानंतर नुसता शब्द मानला नाही, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड तपासला. पहिल्या गटात ९.९ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के.

जवळजवळ दुप्पट. ई-सिगारेटचे समर्थक इथे थांबतात. पण त्याच चाचणीतला आणखी एक आकडा बघा. ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले किती जण वर्षानंतरही दिलेलं साधन वापरत होते? गम-पट्टीवाल्यांत ९ टक्के, ई-सिगारेटवाल्यांत ८० टक्के. टपरीवरच्या त्या माणसाची गोष्ट या आकड्यात आहे.

२०२४ मध्ये आलेल्या स्वित्झर्लंडच्या चाचणीत हेच अधिक उघड झालं. तिथे १,२४६ जण होते. समुपदेशन सगळ्यांना, ई-सिगारेट आणि द्रव फक्त एका गटाला फुकट. सहा महिने सलग सिगारेटपासून दूर राहिलेले: ई-सिगारेटच्या गटात २८.९ टक्के, दुसऱ्यात १६.३ टक्के. पण सहा महिन्यांच्या टोकाला, सलगतेची अट न लावता, निकोटिनच पूर्णपणे सुटलेले मोजले तर पारडं फिरतं. ई-सिगारेटच्या गटात २०.१ टक्के, दुसऱ्यात ३३.७ टक्के.

जगभरच्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. निकोटिनयुक्त ई-सिगारेट वापरून शंभरातले आठ ते दहा जण सिगारेट सोडतात. गम-पट्टीने सहा, काहीच आधार नसेल किंवा नुसतं समुपदेशन असेल तर चार. फरक खरा आहे आणि त्याबद्दलचा पुरावा भक्कम आहे, असं कॉक्रेन म्हणते. पण शंभरातले नव्वद जण ई-सिगारेट घेऊनही सोडू शकले नाहीत, हेही त्याच वाक्याचं दुसरं टोक आहे. रामबाण वगैरे काही नाही.

तेव्हा 'सिगारेट सुटते का?' या प्रश्नाला उत्तर आहे: हो, गमपेक्षा जास्त जणांची. 'निकोटिन सुटतं का?' याला उत्तर: बहुतेकांचं नाही, निदान पहिल्या वर्षात तरी. इंग्लंडने पहिला प्रश्न विचारला. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने उरलेलं आयुष्य ई-सिगारेट ओढली तरी चालेल, धूर थांबला पाहिजे, असा तो हिशेब. मला तो चुकीचा वाटत नाही. मात्र त्याच इंग्लंडला मुलांच्या हातातली एकदा वापरून फेकायची ई-सिगारेट डोईजड झाली आणि जून २०२५ पासून तिच्या विक्रीवर बंदी घालावी लागली.

दोन्ही डगरींवर हात

चाचणीबाहेरच्या जगात अनेक जण सिगारेट सोडत नाहीत, तिच्या जोडीला ई-सिगारेट घेतात. घरात नि लिफ्टमध्ये ही, टपरीवर ती. दिवसाच्या दहा सिगारेटींवरून तीनवर आलो, याचं त्यांना समाधान असतं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत सिगारेटी कमी होण्याला काही अर्थ आहे. हृदयाचा हिशेब मात्र असा सरळ चालत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला वीस ओढणाऱ्याच्या जादा हृदयविकार-धोक्यापैकी ४० ते ५० टक्के धोका असतो. रक्त गोठवणाऱ्या पेशी चिकट व्हायला आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो. ई-सिगारेटचा फायदा पूर्ण बदल केला तर, अर्धवट केला तर फारच थोडा.

दीर्घकालीन धोक्याबद्दल मोठमोठे दावे दोन्ही बाजूंनी होतात. ई-सिगारेट ९५ टक्के कमी घातक, हा इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेने २०१५ मध्ये मांडलेला आकडा सगळीकडे फिरतो. तो मोजून आलेला नव्हता, काही तज्ज्ञांच्या अंदाजावर बेतलेला होता आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. उलट बाजूने २०१९ च्या अमेरिकेतल्या साथीचा दाखला दिला जातो. फुप्फुसांना अचानक गंभीर इजा होऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले, ६८ दगावले. पण त्यामागे मुख्यतः गांजाच्या अर्काच्या बेकायदा कुप्यांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं. नळीपेक्षा तिच्यात कुणी काय भरलं, हा प्रश्न तिथे जास्त महत्त्वाचा ठरला.

आपल्या टपरीवर

हाच प्रश्न आपल्याकडे फार मोठा होतो. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात बंद केली. ओढण्यासाठी शिक्षेचं कलम त्यात नाही. त्यामुळे इथे जी मिळते ती चोरून आलेली. पाकिटावरचा निकोटिनचा आकडा कुणी तपासलेला नाही, चवीचे अर्क कोणते हे कुणाला ठाऊक नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांत प्रमाणित द्रव होता, त्यात निकोटिन किती ते माहीत होतं आणि समोर बसून बोलणारा समुपदेशक होता. त्या चाचण्यांचा निकाल टपरीमागच्या खोक्यातून निघालेल्या नळीला लावता येत नाही. टपरीवरच्या त्या माणसाला इंग्लंडचा आकडा पाठ असतो, पण इंग्लंडची वस्तू त्याच्या हातात नसते.

या बंदीत एक विसंगती आहेच. कमी घातक वस्तू गुन्ह्याच्या यादीत आणि सर्वांत घातक वस्तू, म्हणजे सिगारेट आणि विडी, त्याच टपरीवर राजरोस. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर अमेरिकेतली शाळकरी मुलं होती, हे समजण्यासारखं आहे. पण सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाला त्यातून काही मिळालं नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत नेहमी निसटते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांपैकी ओढणारे फक्त ३.८ टक्के. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, खर्रा, मिश्री अशा रूपांत बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. त्यांच्यासाठी ई-सिगारेट हे उत्तर नाही, कारण त्यांच्या व्यसनात धूरच नाही. दाढेखाली तंबाखू धरणाऱ्याच्या हातात नळी दिली, तर त्याला एक जास्तीची सवय लागेल.

इथे काय मिळतं

ई-सिगारेटला तोडीस तोड अशा गोळ्या आहेत आणि त्या इथे कायदेशीर आहेत. व्हॅरेनिक्लिन हे औषध निकोटिनच्या त्याच ग्राहकांवर जाऊन अर्धवट बसतं. त्यामुळे तलफ शमते आणि वर सिगारेट ओढली तरी नेहमीची मजा येत नाही. फिनलंडमधल्या ४५८ जणांच्या चाचणीत, २०२४ मध्ये, सहा महिन्यांनी व्हॅरेनिक्लिनच्या गटात सुमारे ४४ टक्के, ई-सिगारेटच्या गटात ४० टक्के आणि खोट्या औषधाच्या गटात २० टक्के लोक सिगारेटमुक्त होते. ही गोळी डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायची. मळमळ आणि विचित्र स्वप्नं हे तिचे नेहमीचे त्रास.

गम आणि पट्टी एकत्र वापरली तर एकट्यादुकट्या साधनापेक्षा यश जास्त मिळतं. पट्टीचं ठिबक चालू असतं आणि तलफ उसळली की गमचा एक हात. तरीही "गम खाल्ला, काही झालं नाही" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो साध्या च्युइंग गमसारखा चघळलेला असतो.

चौकट : निकोटिनचा गम कसा वापरायचा

• हळूहळू चघळा. तिखट, झिणझिण्या आणणारी चव आली की थांबा आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवा. चव ओसरली की पुन्हा चघळा. एक गम साधारण अर्धा तास चालतो.

• निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं. भराभर चघळून लाळ गिळली तर ते पोटात जातं. मग उचक्या लागतात, जळजळ होते आणि तलफ तशीच राहते.

• गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नका. आंबटपणामुळे शोषण घटतं.

• २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमसाठी चिठ्ठी लागते. गरोदर स्त्रिया आणि हृदयरोगी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय नि:शुल्क फोन क्रमांक आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो २०१६ मध्ये सुरू झाला आणि पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही त्याचं केंद्र आलं. ओढणारा आणि चघळणारा, दोघांसाठी तो आहे. अशा ठिकाणी दिवसाला किती सिगारेटी ओढता, याइतकंच महत्त्व आणखी एका प्रश्नाला असतं: सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांनी? रात्रभराच्या झोपेत रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं, त्यामुळे शरीर त्याच्यावाचून किती वेळ राहू शकतं हे या उत्तरातून कळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो. जो न्याहारी आटपून, बस पकडून, ऑफिसखालच्या टपरीपर्यंत थांबू शकतो, त्याचं काम सहसा २ मिलिग्रॅमवर भागतं.